अदमास आणि असत्य

सत्य बोलावे, हा उपदेश आपण सर्व जण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सत्य सांगताना किती गाळले असता चालेल, हा प्रश्न त्या उपदेशाइतका सरळ नाही. कोणत्याही गोष्टीविषयी सर्व काही सांगणे मनुष्याच्या आटोक्याबाहेरचे आहे. वैद्य रोग्यास त्याच्या प्रकृतीचे मान समजावून देतो, इतिहासकार एखाद्या लढाईची हकीकत लिहितो, साक्षीदार न्यायालयात पाहिलेली घटना निवेदन करतो. यांपैकी प्रत्येक जण जेवढे सांगतो त्याहून कितीतरी अधिक गाळतो. तरीही त्यांना आपण असत्यवादी म्हणत नाही. उलटपक्षी, एकही शब्द खोटा न उच्चारता केवळ नेमक्या जागी एक गोष्ट गाळून समोरच्याची पुरती फसवणूक करणारी माणसेही आपल्या परिचयाची असतात. तेव्हा गाळणे आणि खोटे बोलणे यांमधील सीमा कोठे आखावयाची? गाळलेल्या भागाच्या लहानमोठेपणावरून, गाळणाऱ्याच्या हेतूवरून, की आणखी कशावरून?

या प्रश्नाचा ऊहापोह नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून पुष्कळ झालेला आहे. आज आम्ही तो पदार्थविज्ञानाच्या एका कोपऱ्यात नेऊन पाहू इच्छितो. उत्तेजित रेणूंची टक्कर झाली असता एकातील ऊर्जा दुसऱ्यात कशी जाते, याचे पुंजयामिकीच्या, म्हणजे क्वांटम सिद्धांतावर उभारलेल्या गतिशास्त्राच्या, साहाय्याने गणित मांडणे, हा तो कोपरा होय. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु गाळण्याचा व्यवहार तेथे इतका उघडपणे, इतका मोजूनमापून आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर चालतो की, आमचा प्रश्न इतक्या स्वच्छ स्वरूपात अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

प्रथम घटना काय आहे ते पाहू. एखाद्या अणूवर किंवा रेणूवर योग्य जातीचा प्रकाश पडला म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो व तो रेणू ‘उत्तेजित’ झाला असे म्हणतात. उसनी आणलेली ही ऊर्जा तो फार काळ बाळगीत नाही. एक तर ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. नाही तर दुसरा एखादा रेणू येऊन आदळला असता ती त्याच्या हवाली करून स्वतः मुकाट्याने खाली उतरतो. अशा टकरी घडल्याच पाहिजेत, हे क्लाइन व रोसेलँड यांनी १९२१ साली तर्काने दाखविले. पुढे लवकरच, १९२२-२३ च्या सुमारास, ग्योटिंगेन येथे कारिओ व फ्रांक यांनी पारा आणि थॅलियम या दोन धातूंच्या वाफा एकत्र करून त्यांवर पाऱ्याच्या दिव्यातील २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडला. हा प्रकाश पाऱ्याने घ्यावयाचा. पण मिश्रणातून थॅलियमच्या वर्णरेषा चमकू लागल्या. दिवा एकाच्या घरी लावला आणि उजेड शेजाऱ्याच्या खिडकीत दिसला, असा हा प्रकार झाला. मधला उजेड कोणी पाहिला नव्हता, कारण मध्ये उजेड नव्हताच. होती ती केवळ टक्कर.

हा काही प्रयोगशाळेपुरता चमत्कार नव्हे. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनचेच उदाहरण घ्या. त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन असे आहेत की, त्यांची फिरकी एकाच दिशेची असते. बहुतेक सेंद्रिय पदार्थांत इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध फिरकीच्या जोड्यांनी राहतात. या विजोडपणामुळे ऑक्सिजन त्यांच्याशी सहजासहजी संयोग पावत नाही; लाकूड, कापूस आणि आपली स्वतःची शरीरे हवेत राहूनही आपोआप पेटत नाहीत, याचे एक मोठे कारण हे आहे. परंतु याच रेणूस सुमारे ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली की त्याची फिरकी जुळते, तो ‘सिंग्लेट’ होतो, आणि मग जिवंत पेशीतील स्निग्ध द्रव्यांस व प्रथिनांस तो झपाट्याने इजा करू लागतो. ही ऊर्जा त्यास बहुधा प्रत्यक्ष सूर्यापासून मिळत नाही. पानातील हरितद्रव्य किंवा तशाच जातीचा एखादा रंगीत रेणू प्रकाश पकडतो व टकरीत ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. ही कल्पना काउत्स्की याने १९३१ पासून मांडली. तिला मान्यता मिळावयास बराच काळ लागला. आज तिच्यावर वैद्यकाची एक शाखाच उभी आहे: रोग्यास एक रंगद्रव्य देऊन कर्करोगाच्या गाठीवर प्रकाश टाकतात व तेथे निर्माण झालेल्या सिंग्लेट ऑक्सिजनकडून गाठीतील पेशी मारवितात. अशा पहिल्या औषधास १९९३ साली कॅनडात मान्यता मिळाली. इकडे झाडांनी मात्र उलट बंदोबस्त केलेला असतो. पानातील कॅरोटीन जातीची द्रव्ये या उत्तेजित ऑक्सिजनची ऊर्जा टकरीत काढून घेऊन तिचे उष्णतेत रूपांतर करतात, व पान वाचते.

आता एक आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. हा उत्तेजित ऑक्सिजन-रेणू अगदी एकाकी असेल तर सुमारे सव्वा तास तसाच राहू शकतो. तोच पाण्यात असेल तर सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या तीनचार पट एवढ्याच काळात शांत होतो. दोहोंत सुमारे अब्जपटीचे अंतर. आणि साध्या पाण्याऐवजी जड पाणी, म्हणजे ज्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम आहे असे पाणी, घेतले तर हे आयुष्य पुन्हा पंधरावीस पटींनी वाढते. असे का व्हावे?

‘का’ असे विचारले की गणिताकडे वळावे लागते. श्रोडिंगरने १९२६ साली जे समीकरण दिले, त्यात इलेक्ट्रॉनांचे व अणुकेंद्रकांचे सर्व वर्तन सामावलेले आहे असे आपण येथे धरून चालू. १९२९ साली डिरॅकने लिहिले ते याच आशयाचे होते: साऱ्या रसायनशास्त्रास लागणारे मूलभूत नियम आता हाती आले आहेत, अडचण एवढीच की, ते काटेकोरपणे लावू गेल्यास निघणारी समीकरणे सोडविण्याच्या पलीकडची असतात. ‘एवढीच’ या शब्दाचे वजन मात्र मोठे आहे. एक ऑक्सिजन-रेणू व एक पाण्याचा रेणू मिळून सव्वीस इलेक्ट्रॉन होतात. प्रत्येकाचे स्थान सांगण्यास तीन अंक लागतात, म्हणजे एकूण अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक अंकासाठी केवळ दहा जागा तपासावयाच्या असे ठरविले, तरी एकावर अठ्ठ्याहत्तर शून्ये मांडून होणाऱ्या संख्येइतकी मूल्ये टिपून ठेवावी लागतील. सबंध पृथ्वीतील अणूंची संख्या एकावर सुमारे पन्नास शून्ये एवढी आहे. पृथ्वीच्या प्रत्येक अणूवर एकेक अंक लिहिला तरी दोन रेणूंच्या एका भेटीची ही वही पुरी व्हावयाची नाही. अर्थात येथे सर्व सत्य सांगण्याची प्रतिज्ञा करणारा मनुष्य काहीच सांगू शकणार नाही. ज्याला बोलावयाचे आहे त्याने गाळलेच पाहिजे.

काय गाळावयाचे, हे १९२७ साली बॉर्न व ओपेनहायमर यांनी दाखविले. अणुकेंद्रके इलेक्ट्रॉनांच्या मानाने फार जड असतात. सर्वांत हलके जे हायड्रोजनचे केंद्रक, तेही इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट भरते. तेव्हा चपळ इलेक्ट्रॉनांचा हिशेब करताना जड केंद्रके जणू एका जागी उभी आहेत असे मानावे; केंद्रकांच्या प्रत्येक मांडणीस इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढावी; आणि ती ऊर्जा हीच जमिनीची उंची मानून तयार होणाऱ्या डोंगरदऱ्यांच्या प्रदेशावर केंद्रकांस फिरू द्यावे. निरुत्तेजित अवस्थेचा एक प्रदेश होईल, उत्तेजित अवस्थेचा त्याच्या वर दुसरा. एखाद्या जुन्या दुमजली वाड्याची कल्पना करावी: खाली एक मजला, वर एक मजला, दोन्हींची जमीन ओबडधोबड. हे करताना बॉर्न व ओपेनहायमर यांनी समीकरणातील एक लहानसे पद टाकून दिले. केंद्रकांच्या हालचालीमुळे इलेक्ट्रॉन एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात, हे सांगणारे ते पद होते. आमच्या उपमेत बोलावयाचे तर त्यांनी वाड्यातील जिना गाळला.

हे गाळणे योग्य होते काय? निःसंशय होते. रेणूंचे आकार, त्यांच्या बंधांची लांबी, त्यांची कंपने यांविषयी रसायनशास्त्रात आज जे नेमकेपण आले आहे, त्याचा बहुतेक भाग या एका गाळण्यावर उभा आहे. दोन मजल्यांत भरपूर अंतर असेल तेथे टाकलेले पद इतके क्षुद्र असते की त्याची आठवण ठेवण्याचेही कारण पडत नाही. परंतु आपला प्रश्न उत्तेजित रेणूचा आहे. टकरीत तो आपली ऊर्जा देऊन खाली कसा उतरतो, हे आपणांस पाहावयाचे आहे. आणि खाली उतरणे म्हणजेच जिन्याने जाणे. ज्या गोष्टीचा शोध घ्यावयाचा, तीच गोष्ट प्रतिमान मांडताना प्रथम गाळली गेली आहे. हे चित्र जसेच्या तसे स्वीकारले तर त्याचे उत्तर असे येईल की, उत्तेजित रेणू कितीही टकरा खावोत, वरच्या मजल्यावरून तो कधीच उतरणार नाही. कारिओ व फ्रांक यांची थॅलियमची वाफ त्या हिशेबी कधी चमकलीच नसती.

येथे एक मौजेची गोष्ट दिसते. टाकलेले पद सर्वत्र सारख्या आकाराचे नसते. वरचा व खालचा मजला एकमेकांजवळ येऊ लागले की ते वाढते. दोन्ही एकमेकांस भिडले तर त्याच्या वाढीस सीमाच राहत नाही. १९३२ या एकाच वर्षी लांडाऊ, झेनर, श्ट्युकेलबर्ग आणि मायोराना या चौघांनी स्वतंत्रपणे अशा जवळिकीच्या जागी काय घडेल याचे गणित दिले. केंद्रके तेथून किती वेगाने गेली, मजल्यांमधील फट किती होती, आणि दोन्ही जमिनींच्या उतारांत किती फरक होता, यांवर मजला बदलण्याचा संभव ठरतो. १९३७ साली टेलरने दाखविले की, अनेक अणूंच्या रेणूंत दोन मजले, टोकाला टोक लावून ठेवलेल्या दोन नरसाळ्यांप्रमाणे, एका बिंदूपाशी मिळू शकतात. अशा जागा म्हणजे विरळा अपवाद, अशी समजूत पुष्कळ वर्षे होती. पुढील गणितांनी ती पालटली. त्या ठिकठिकाणी आहेत, आणि प्रकाशाने चेतवलेल्या रेणूंचा पुष्कळसा इतिहास तेथेच घडतो.

जड पाण्याच्या कोड्याचा उलगडाही गाळलेल्या बाजूलाच आहे. साधे पाणी व जड पाणी यांतील इलेक्ट्रॉनांची संख्या एकच, केंद्रकांचा विद्युद्भार एकच. केंद्रके स्थिर धरून इलेक्ट्रॉनांचा हिशेब केला तर ही दोन पाणी तंतोतंत जुळी ठरतात. त्या हिशेबापाशीच थांबणाऱ्यास दोन्हींत ऑक्सिजनचे आयुष्य सारखेच दिसावयास पाहिजे. फरक आहे तो केवळ केंद्रकांच्या वजनाचा व म्हणून त्यांच्या कंपनाचा. उत्तेजित ऑक्सिजनची ऊर्जा पाण्याच्या रेणूला कंपनाच्या रूपाने गिळावी लागते, आणि कंपनाची ऊर्जा सुट्या घासांनीच घेता येते. साध्या पाण्याचे घास मोठे, म्हणून दोनतीन घासांत काम भागते. जड पाण्याचे घास लहान, म्हणून अधिक घ्यावे लागतात. आणि जितके घास अधिक, तितका ते एकदम गिळले जाण्याचा संभव कमी. इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने ज्याला काहीच महत्त्व नव्हते, त्या वजनाने पंधरावीस पटींचा फरक घडविला.

यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा. एखादी गोष्ट ‘उपेक्षणीय’ आहे, हे वाक्य नेहमी अपुरे असते. कोणत्या प्रश्नासाठी उपेक्षणीय, आणि कोणत्या जागी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. उपेक्षणीयता हा त्या गोष्टीच्या अंगचा गुण नाही. ती गोष्ट व आपण विचारीत असलेला प्रश्न यांमधील ते एक नाते आहे. रेणूचा आकार विचाराल तर जिना क्षुद्र. रेणू खाली कसा उतरला हे विचाराल तर जिन्यावाचून दुसरे काही नाही.

महाभारतातील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. अश्वत्थामा मारला गेला, असे धर्मराजाने द्रोणाचार्यांस सांगितले आणि तो हत्ती होता हे अस्पष्ट पुटपुटले. शब्दांचा हिशेब केला तर त्याने काहीच गाळले नव्हते, फार तर एका शब्दाचा आवाज कमी केला होता. दुसऱ्या एखाद्या दिवशी, युद्धात पडलेल्या हत्तीघोड्यांची गणना चालली असता, तो शब्द ऐकू आला काय अथवा न आला काय, कोणाचे काहीच बिघडले नसते. पण द्रोणाचार्य ज्या क्षणी विचारीत होते त्या क्षणी त्यांचे सारे आयुष्य त्याच एका शब्दावर तोलले गेले होते. धर्मराजास हे ठाऊक होते, आणि म्हणूनच आवाज खाली गेला. त्याचा रथ जमिनीवर टेकला, असे व्यास सांगतात. व्यासांच्या तराजूत लोपलेल्या शब्दाची लांबी मोजली गेली नाही. तो कोठे लोपला हे मोजले गेले.

मग शास्त्रज्ञाचे गाळणे कोणत्या अटींवर निर्दोष ठरावे? आमच्या मते पहिली अट अशी की, काय टाकले ते स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे. दुसरी अट याहून कठीण आहे. टाकलेले कोठे वाढते हेही शोधलेले व सांगितलेले असावे. नुसते ‘आम्ही अमुक पद वगळले आहे’ असे लिहून मोकळे होणे म्हणजे वाड्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जिना दाखविलेला नाही’ अशी टीप देण्यासारखे आहे. अंधारात चालणाऱ्याला तिचा काय उपयोग? आजकाल या क्षेत्रात फार प्रचलित असलेली एक पद्धती येथे उदाहरणादाखल देतो. टली व प्रेस्टन यांनी १९७१ साली सुचविलेल्या व टली यांनी १९९० साली सुधारलेल्या या पद्धतीत केंद्रके तरंग न मानता गोट्यांप्रमाणे घरंगळू देतात, आणि मजले जवळ आले की जणू फासे टाकून गोटीने खाली उडी मारावी की नाही हे ठरवितात. रेणू खरोखर फासे टाकीत नाही, व उडीही मारीत नाही, हे वापरणारा प्रत्येक जण जाणतो. तरी आम्ही या पद्धतीस असत्य म्हणणार नाही. कारण ती कोठे चुकते याविषयी तिच्या कर्त्यांनी व वापरणाऱ्यांनीच पुष्कळ लिहिले आहे. मजला बदलल्यानंतरही दोन्ही शक्यतांची सांगड ती अवाजवी वेळ टिकवून धरते, हा तिचा दोष सर्वश्रुत आहे व त्यावर उपायही सुचविले गेले आहेत.

तिसरी अट मोहाविषयीची आहे. प्रतिमानात एखादा आकडा मोकळा ठेवला आणि प्रयोगाचे उत्तर जुळेपर्यंत तो वळवीत गेले, तर प्रतिमान खरे ठरल्यासारखे दिसते. आकडा प्रयोगावरून घेतला आहे असे सांगितले तर यात पाप नाही. पण तसे जुळविलेले उत्तर पुढे करून ‘पाहा, आमच्या सिद्धांतास प्रयोगाने पुष्टी दिली’ असे म्हणणे, म्हणजे आपणच पढविलेल्या साक्षीदाराच्या जबानीने खटला जिंकणे होय. शिवाय दोन चुका एकमेकींस झाकून बरोबर उत्तर देऊ शकतात. ज्वालेत व हवेत आढळणाऱ्या हायड्रॉक्सिलचे प्रमाण काढण्यासाठी त्यावर लेसरचा प्रकाश टाकतात व त्याची चमक मोजतात. भोवतीच्या रेणूंच्या टकरींनी ही चमक विझते, म्हणून त्या विझण्याचा हिशेब ठेवावा लागतो. चमक किती वेगाने विझली एवढेच पुष्कळ काळ मोजले जात असे. पण हायड्रोजनच्या रेणूवर आदळून विझलेल्या हायड्रॉक्सिलचे पुढे दोन प्रकार होऊ शकतात: तो नुसता शांत होऊन दूर जाईल, किंवा हायड्रोजनशी संयोग पावून पाणी बनेल व एक हायड्रोजन-अणू सुटा होईल. विझण्याचा एकूण वेग बरोबर देणारे प्रतिमान या दोहोंची वाटणी साफ चुकीची देऊ शकते. म्हणून प्रामाणिक गणिती एका आकड्याच्या जुळणीवर समाधान मानीत नाही; बाहेर पडणारे रेणू कोणत्या अवस्थेत व किती कंपनाने, किती गतीने गेले, असे बारीक प्रश्न प्रयोगाला विचारून तो आपल्याच उत्तराला अडचणीत टाकतो.

कोणी म्हणेल, हे सर्व शास्त्रज्ञांचे आपसातले शील झाले. गृहस्थाश्रमी वाचकाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेतील ओझोन फुटून उत्तेजित ऑक्सिजन-अणू सुटतो. त्यातील बहुतेक अणू नायट्रोजनच्या व ऑक्सिजनच्या रेणूंवर आदळून ऊर्जा गमावतात. थोडेसे तेवढ्यात पाण्याच्या वाफेला गाठतात व हायड्रॉक्सिल निर्माण करतात. हे हायड्रॉक्सिल वातावरणाचे झाडूवाले होय. मिथेनसारखे वायू हवेतून निघून जातात ते मुख्यतः त्याच्यामुळे. अर्थात नायट्रोजन त्या उत्तेजित अणूला किती वेगाने शांत करतो, या एका आकड्यावर हवेच्या स्वच्छतेचे सारे गणित टेकलेले आहे. २००२ साली रविशंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वेग नव्याने मोजला, तेव्हा तो त्या काळी प्रमाण मानलेल्या आकड्याहून सुमारे एकपंचमांशाने अधिक निघाला. मिथेन किती वर्षे टिकेल, ओझोनचे काय होईल, यांचे हिशेब ज्या राज्यकर्त्यांपुढे जातात, त्यांच्यापुढे हा आकडा नावानिशी कधीच येत नाही. तो पायाच्या दगडासारखा खाली गाडलेला असतो. येथे निदान मोजणे तरी शक्य होते. ज्या उष्णतेत व ज्या क्षणभंगुर रेणूंत प्रयोगशाळेचा हात पोहोचत नाही, तेथे केवळ प्रतिमानाने काढलेला आकडाच पुढे जातो.

आणि पुढे जाताना त्याचे काय होते? शास्त्रीय कोष्टकांत प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या अनिश्चिततेची मर्यादा छापलेली असते. दुसरा मनुष्य आकडा उचलतो व मर्यादा तेथेच ठेवतो. तिसरा त्यावरून आलेख काढतो, चौथा त्या आलेखाचे एक वाक्य करतो, आणि पाचवा ते वाक्य सभेत सिद्धवचन म्हणून उच्चारतो. यांपैकी कोणीही खोटे बोललेला नाही. तरी शेवटी ऐकणाऱ्याच्या पदरी पडले ते असत्यच. या असत्याचा कर्ता कोण? आमचे उत्तर असे की, मर्यादा ज्याच्या हातून गळाली तो प्रत्येक जण त्याचा वाटेकरी आहे; आणि ‘मूळ निबंधात सर्व लिहिले होते’ असे म्हणून पहिल्या मनुष्यासही पूर्णपणे सुटता येणार नाही. आपला आकडा कोणाच्या हाती जाणार व तेथे कोणता प्रश्न त्याला विचारला जाणार, हे जेवढे त्याला दिसण्यासारखे होते, तेवढी त्याची जबाबदारी. घरातही हेच घडते. वैद्याने सांगितलेले ‘बहुधा’ दारापासून माजघरापर्यंत येता येता ‘नक्की’ होते, आणि रोग्याच्या उशाशी पोचते ते वचन होऊन.

याच्या उलट टोकाला जाणारा एक पक्ष आहे, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. तो म्हणतो, ‘सर्वच ज्ञान अदमासाचे असेल, शास्त्रज्ञ स्वतःच ते कबूल करीत असतील, तर त्यांचा अदमास व माझा अदमास सारखाच. मग त्यांचे ऐकावे कशाला?’ हा युक्तिवाद अलीकडे फार ऐकू येतो, आणि तो नम्रतेचा वेष घेऊन येत असल्यामुळे अधिक घातक आहे. अदमास व अदमास यांत अंतर असते. आपले ज्योतिर्गणित करणारे ताराग्रहांचे प्रथम मध्यम स्थान काढीत व मग त्यास मंदफल, शीघ्रफल यांचे संस्कार देऊन स्पष्ट स्थानाकडे जात. मध्यम स्थान आकाशात प्रत्यक्ष दिसत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या नावातच ती कबुली होती. परंतु मध्यम स्थानावरून स्पष्ट स्थानाकडे जाण्याची वाट आखलेली होती. मन मानेल ते स्थान सांगणाऱ्याजवळ अशी वाट नसते. ज्या अदमासाला आपल्या चुकीचा आकार ठाऊक आहे व ती कमी करण्याची रीत ठाऊक आहे, तो सत्याच्या कुळातला आहे.

आमच्या शास्त्रकारांनी यास एक सुंदर नाव ठेवले आहे: स्थूलारुंधतीन्याय. नववधूला अरुंधतीचा तारा दाखवावयाचा असतो. तो बारीक, सहज नजरेस न पडणारा. म्हणून आधी त्याच्या जवळचा मोठा तारा दाखवून ‘ती पाहा अरुंधती’ असे म्हणतात. नजर तेथे ठरली की ‘ती नव्हे, तिच्या शेजारची ती बारीक’ असे सांगतात. पहिले वाक्य अक्षरशः घेतले तर खोटे आहे. तरी त्या वाक्याला कोणी असत्य म्हटलेले नाही, कारण सांगणारा तेथे थांबत नाही. मोठा तारा दाखवून तो निघून गेला असता, तर मात्र त्याच वाक्याने वधूला जन्मभर फसविले असते. बॉर्न व ओपेनहायमर यांनी मोठा तारा दाखविला. लांडाऊ, टेलर व त्यांच्यामागून आलेल्यांनी बोट पुढे सरकविले. आणि ते आणखी कितीतरी सरकावयाचे आहे.

तात्पर्य, गाळणे व खोटे बोलणे यांमधील सीमा गाळलेल्याच्या लहानमोठेपणावर आखता येत नाही, हे रेणूंच्या या टकरींनी आम्हांस शिकविले. हेतूची शुद्धता आवश्यक आहे, पण तीही पुरत नाही. शुद्ध हेतूने जिना गाळलेल्या वाड्यातही मनुष्य पडतोच. आपण जे गाळीत आहो ते ऐकणाऱ्याच्या प्रश्नाच्या नेमक्या जागी येते काय, एवढे तपासण्याचे कष्ट ज्याने घेतले त्याचा अदमास सत्याच्या बाजूचा. ज्याने ते टाळले त्याचे बिनचूक वाक्यही दुसऱ्या बाजूचे. दोन रेणूंच्या भेटीला, जी एका निमिषाच्या कोट्यंश भागातच आटोपते, हा नियम लागू आहे. ज्यांच्या भेटी आयुष्यभर चालतात, आणि ज्यांना एकमेकांस पुष्कळ सांगावयाचे व पुष्कळ गाळावयाचे असते, त्या माणसांना तो अधिकच लागू असावा.